आधी वजनकाट्यावर न्या, मग मायलेजचं बोला

तुम्ही विचारलंय की ट्रॅव्हलर मिनीबसचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, करून घेतला, लिटरला आठसुद्धा धड देत नाही आणि शेजारून ट्रक गेला की गाडी डोलते. तर टायर बदलू, मागे एअर सस्पेन्शन टाकू, की छतावर विंड डिफ्लेक्टर बसवू?

यातलं काहीही करायच्या आधी गाडी वजनकाट्यावर घाला. मी दोन वर्षं याच्या नेमकं उलट केलं आणि त्यात पैसे घालवले, म्हणून एवढं लिहितोय.

माझीही ट्रॅव्हलरच, चार मीटर व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये चार मीटर अंतर. पलंग, ओटा, टॉयलेट करून देणाऱ्या वर्कशॉपने १५० लिटरची पाण्याची टाकी आणि दोन बॅटऱ्या अगदी मागच्या दाराशी, पलंगाखाली बसवल्या. का, तर तिथे जागा होती. नागपूरहून परत येताना समृद्धीवर वैजापूरच्या अलीकडे आडवा वारा लागला. एक स्लीपर बस उजवीकडून पुढे गेली. आधी आमची मागची बाजू डावीकडे ढकलली गेली, मग बसकडे ओढली गेली, आणि त्या दोन-तीन सेकंदांत स्टिअरिंग हातात पोकळ लागलं. बायकोने समोरचं हँडल धरलं ते शिर्डी येईपर्यंत सोडलं नाही.

थोरल्या साडूंचं मत ठाम होतं. "अरे, गाडी जड असली की रस्ता धरते. वर कॅरिअर टाक, सामान वर जाऊ दे." मी ऐकलं. कॅरिअर टाकला, मायलेज वाढतं म्हणून त्यांनीच आणलेलं मॅग्नेटही डिझेलच्या पाइपला लावलं. गाडी जास्तच डोलायला लागली.

शेवटी सिन्नरच्या एका वजनकाट्यावर गेलो. पुढची चाकं काट्यावर घेऊन एक पावती, पूर्ण गाडीची दुसरी. वजाबाकी केली की मागचं वजन कळतं. पुढे १,२९० किलो, मागे २,४६०. मग डोक्यात प्रकाश पडला. टाकी मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, एक मीटर मागे होती. चार मीटरच्या व्हीलबेसवर तिथे १५० किलो ठेवले की मागच्या ॲक्सलवर १८७ किलो येतात आणि पुढची चाकं ३७ किलोंनी उचलली जातात. तराजूच आहे तो. ज्या चाकांनी गाडी वळते तीच हलकी केलेली. टाकी दोन्ही ॲक्सलच्या मधोमध आणली, बॅटऱ्या ड्रायव्हरच्या सीटमागे घेतल्या. पुन्हा काटा केला तेव्हा कॅरिअर मुद्दाम वरच ठेवला होता: पुढे १,४६०, मागे २,२९०.

त्यानंतर चाकागणिक वजन बघून टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा भरली, सकाळी टायर थंड असताना. हवा भरणारा मुलगा सगळ्या चाकांत एकच आकडा मारतो, तसं करू देऊ नका. अलाइनमेंटही याच वेळी करून घ्या, वजन हलवण्याआधी नको. डोलणं तिथेच संपलं. एअर सस्पेन्शनने बसलेली शेपूट वर दिसेल, पण ॲक्सलवरचं वजन तेवढंच राहील.

आता मायलेज. वडील एसटीत ड्रायव्हर होते, केपीटीएल म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर, हा हिशोब घरात रोज व्हायचा. त्यामुळे "मला वाटतं फरक पडला" हे बोलणं मला सहन होत नाही. एकच पंप, एकच नोझल, गाडी त्याच जागी उभी, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. पहाटे समृद्धीवर चढून १०० किलोमीटर जायचं, त्यानंतरच्या पहिल्या इंटरचेंजला उतरून त्याच रस्त्याने परत, म्हणजे चढ-उतार आणि वारा दोन्हीकडून लागतो. एका फेरीत एकच गोष्ट बदलायची. तरी टाकी भरताना अर्धा लिटर इकडेतिकडे होतोच. २४ लिटरमध्ये अर्धा म्हणजे दोन टक्के, तेव्हा त्याहून लहान फरक मानू नका.

कॅरिअरसकट १०० च्या वेगाला लिटरला ८.४ किलोमीटर मिळाले, ८० ला १०.१. एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडला नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० चे ८० केले की तो ३६ टक्क्यांनी उतरतो, आणि आपल्या गाडीचं तोंड म्हणजे उभी भिंत. कॅरिअर काढल्यावर ०.४ वाढले. कॅरिअर ठेवून नुसतं मॅग्नेट काढल्यावर १०० ला ८.५ आले, म्हणजे ते होतं काय आणि नव्हतं काय. डिफ्लेक्टरवर पैसे घालायच्या आधी महिनाभर ८० ने चालवा.

वजन हलवल्याने मायलेज जवळजवळ वाढलं नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. ती दोन वेगळी दुखणी आहेत. टाकी हलवाल तर ती चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, धरून बसवा, नुसत्या प्लायवर नको. प्रवासात ती भरलेली किंवा रिकामी ठेवा. अर्धी टाकी वळणावर उसळते. टायरचा साइज बदललात तर ओडोमीटरही चुकतो, तेव्हा अंतर जीपीएसवर मोजा. आणि ८० ने जायचं तर डावी लेन धरा.

गेल्या दिवाळीत साडूंनी स्वतः सिन्नरहून जालन्यापर्यंत चालवली. टाकी भरलेली होती, वाराही होता. उतरल्यावर म्हणाले, "टाकी हलवताना बरंच वजन काढलंस ना?" मी टाकी हलवण्याआधीची आणि नंतरची, दोन्ही पावत्या त्यांच्या हातात दिल्या. एकूण वजन दोन्हींवर ३,७५० किलो.