सह्या नकोत, बिघडलेल्या बॅटऱ्या आणायला सांग

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि त्या थंड, उंचावरच्या गावात सौर-पवन ऊर्जेचं प्रशिक्षण केंद्र काढायचा सोबतचा प्रस्ताव, दोन्ही वाचलं. इमारतीचा आराखडा नीट आहे, अभ्यासक्रम जरा जास्तच नीट आहे. शेवटी तू गावकऱ्यांच्या पाठिंब्याच्या सह्या जोडल्यास, त्या पानांवर मात्र मी थांबलो. सही करायला माणसाला काही मोजावं लागत नाही. दारात आलेल्या हसऱ्या मुलीला नाही म्हणणं त्याहून अवघड असतं. ऐन थंडीत, बर्फ गुडघ्यापर्यंत असताना, यातली किती माणसं पायी चालत तुझ्या केंद्रात येतील? आणि कशासाठी येतील? प्रस्तावात याचं उत्तर कुठे सापडलं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी माझी फजिती सांगतो. तिशीत असताना मी अशाच एका थंड, उंचावरच्या वस्तीत सौर संच बसवायला गेलो होतो. दिवस उन्हाळ्याचे. उद्‌घाटन झालं, भाषणं झाली, टाळ्या वाजल्या. तीन-तीन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडली होती; अशाने व्होल्टेजची बेरीज होते. प्रत्येकाचं ओपन सर्किट व्होल्टेज (भार न जोडता मिळणारं) 46, म्हणजे तिघांचं 138. पॅनलची वीज बॅटरीत बेताने भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरची मर्यादा 150 व्होल्ट. कागदावर सगळं बसत होतं. पण पॅनलवर छापलेला आकडा 25 अंश सेल्सियसचा असतो, आणि पॅनल जितकं गार तितकं त्याचं व्होल्टेज वर जातं, साधारण दर अंशाला 0.3 टक्के. उणे 30 ची रात्र सरून स्वच्छ सकाळ उजाडली की फरक 55 अंशांचा होतो. 138 चे 161 होतात. पहिल्या कडाक्याच्या आठवड्यात चार कंट्रोलर जळाले. मी तेव्हा खाली, उबेत होतो. निरोप माझ्यापर्यंत पोचायला पंधरा दिवस लागले आणि रस्ता उघडून मला वर जायला तीन महिने.

पोचलो तेव्हा कोणी भांडलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. एक म्हातारी एवढंच म्हणाली, ‘तुम्ही गेलात, अंधार इथेच राहिला.’ दोनच पॅनल जोडायची होती, बस. हे गणित आठवीतल्या मुलाला जमेल, पण वस्तीतल्या एकालाही मी ते शिकवलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

विश्वास परत मिळाला तो भाषणांनी नाही, एका टेबलाने. कंट्रोलर बदलून झाल्यावर रस्ता पुन्हा बंद झाला आणि मी तिथेच अडकलो. वेळ जावा म्हणून शाळेच्या एका खोलीत मल्टीमीटर, सोल्डरिंगची कांडी आणि बॅटरीतलं आम्ल किती दाट ते मोजणारा हायड्रोमीटर घेऊन बसू लागलो. पहिल्या दिवशी एक माणूस बंद पडलेला कंदील घेऊन आला. चौथ्या दिवशी दाराबाहेर रांग होती. लोक दुरुस्तीला यायचे, पण खोली उबदार म्हणून रेंगाळायचे, आणि रेंगाळता रेंगाळता विचारायचे, ‘हे असं का झालं?’ माझ्या मते प्रशिक्षण तिथे सुरू झालं. तुझ्या आराखड्यात व्याख्यानगृह मोठं आहे आणि दुरुस्तीची जागा जिन्याखाली. ते उलटं कर.

थंड प्रदेशात या टेबलाला काम कमी पडत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचंच बघ. पूर्ण चार्ज असेल तर ती उणे 50 लाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली असेल तर उणे 10 च्या आसपासच गोठते आणि तिचं पोट फुटतं. कारण चार्ज उतरत जाईल तसं आतलं आम्ल पातळ होतं, जवळजवळ पाणीच उरतं. म्हणजे आळसाने उतरू दिलेली बॅटरी आणि जपलेली बॅटरी एकाच रात्री, एकाच खोलीत असू शकतात. सकाळी एक मेलेली असते, दुसरी ठणठणीत. हे दोन डबे शेजारी ठेवून दाखवलेस तर वेगळ्या व्याख्यानाची गरज नाही. लिथियमची खोड निराळी. थंडीत ती वीज देते, पण शून्याखाली चार्ज करू गेलीस तर आत धातूचा थर साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून तिला उबदार खोलीत ठेवायचं, किंवा शून्याखाली चार्जिंग आपोआप तोडणारं सर्किट आहे ना ते खरेदीआधी तपासायचं. विकणारा हे सांगेलच असं नाही.

थंडीला नावं ठेवत बसू नकोस, तिच्यात मेवाही आहे. गार पॅनल जास्त वीज देतं. गार हवा जड असते: उणे 30 ला ती 15 अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ अठरा टक्के जास्त घन असते, म्हणून त्याच वेगाच्या वाऱ्यात पवनचक्कीला तेवढी जास्त ताकद मिळते. अर्थात पात्यांवर बर्फ चढला की सगळं मुसळ केरात. ताज्या बर्फावरून परतणारा उजेडही पॅनलला मिळतो, फक्त पॅनल बऱ्यापैकी उभं हवं, म्हणजे बर्फ घसरेल आणि बुटका सूर्य समोर येईल. हे सगळं लोकांना डोळ्यांनी दिसू दे. छतावरच्या पॅनलखेरीज दोन पॅनल अंगणात, हाताच्या उंचीवर ठेव. एक आडवं, एक उभं, दोन्हीला साधे मीटर. येणारा-जाणारा आपोआप आकडे वाचू लागतो.

आता शिकवायचं कोणाला? तू लिहिलंयस, ‘बारावी विज्ञान, वय 18 ते 25’. ही अट तुझ्या केंद्राचा घात करेल. त्या वयाची, त्या शिक्षणाची मुलं प्रमाणपत्र हातात पडलं की शहराची वाट धरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. राजस्थानातल्या तिलोनियाला 1972 पासून बेअरफूट कॉलेज आहे. तिथे लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना, पुष्कळदा आज्यांना, सौर संच जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवतात. आज्याच का, तर आजी गाव सोडून जात नाही. सर्किट रंगांच्या खुणांनी आणि हाताने शिकतात, भाषा आड येत नाही. लडाखात लेहजवळ फे इथे सेकमॉल या शिक्षणसंस्थेचा परिसर आहे. ही संस्था 1988 ची. दहावीत नापास झालेल्या मुलांसाठी त्यांनी दार उघडलं, आणि मातीच्या, दक्षिणेकडे तोंड केलेल्या, उन्हाने तापणाऱ्या इमारती आणि रोजचा कारभार त्या मुलांच्या हाती दिला. उणे 15-20 च्या हिवाळ्यात आपण बांधलेल्या भिंतीची ऊब मिळाली की वेगळा पाठिंबा मागावा लागत नाही. त्या मुलाचे आईवडीलच गावभर सांगत सुटतात.

एका माणसाचं नाव तुझ्या यादीत नाही: डिझेल जनित्र चालवणाऱ्याचं. तो विरोध करतो असं तू लिहिलंस. का नाही करणार? तुझ्या पोस्टरवर त्याच्या यंत्राचं चित्र काट मारून छापलंय. अगं, कोणत्या घरी किती भार आहे, रात्री किती वाजता तो चढतो, कोणती तार वाऱ्यात ठिणगी टाकते, हे त्या गावात फक्त त्यालाच ठाऊक आहे. मध्यरात्री लोक त्यालाच उठवतात. अलास्कात कोत्झेब्यू हे गाव आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला आहे. तिथल्या वीज सहकारी संस्थेने 1997 पासून पवनचक्क्या उभ्या केल्या, पण डिझेल यंत्रं काढून टाकली नाहीत. वारा असेल तेव्हा डिझेल वाचतं, वारा पडला की जनित्र भार घेतं. तुझ्याकडेही बरीच वर्षं हेच चालेल. त्याला विद्यार्थी म्हणून बोलावू नकोस, अपमान होईल. शिकवायला बोलाव. भार मोजायचा धडा त्याचा. तो आला की विरोधकांपैकी निम्मे त्याच्या मागून येतील. (उरलेले निम्मे येणार नाहीत. प्रत्येक गावात असतात, त्यांना नमस्कार करून पुढे जायचं.)

डेन्मार्कच्या साम्सो बेटाबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, पण गोष्ट उलटी सांगितलीस. 1997 मध्ये ते बेट अपारंपरिक ऊर्जेच्या सरकारी स्पर्धेत निवडलं गेलं. मग काही वर्षं बैठका चालल्या. लोकांनी, शेतकऱ्यांनी स्वतः पैसे घालून पवनचक्क्यांमध्ये हिस्से घेतले. जमिनीवर 11 उभ्या राहिल्या, नंतर समुद्रात 10. गव्हाच्या काडावर चालणारी घरं तापवायची केंद्रं आली. आणि ऊर्जा अकादमीची इमारत? ती उघडली 2007 मध्ये, सगळ्यात शेवटी. तोवर दाखवण्यासारखं काम होतं, शिकवायला तिथलीच माणसं होती. तू पहिल्या वर्षी इमारत आणि तिसऱ्या वर्षी ‘लोकसहभाग’ असा तक्ता केलायस. वर्षं अदलाबदल कर. पहिले दोन हिवाळे शाळेची किंवा पंचायतीची एखादी तापवता येणारी खोली माग.

हिवाळाच म्हणतोय मी, मुद्दाम. उन्हाळ्यात तिथल्या लोकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. शेत, जनावरं, बांधकाम, सगळं त्या चार महिन्यांत. वर्ग थंडीत घे. पॅनल चढवायचं काम तेव्हा होणार नाही, पण बॅटरी, वायरिंग, हिशेब हे सगळं आत बसून होतं. बाहेरचं काम वीस मिनिटं, मग परत शेगडीपाशी. जाड हातमोजे घालून लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) क्रिम्प करता, म्हणजे दाबून बसवता, येते का, कडक झालेली साधी पीव्हीसी वायर वाकवली की कशी तडकते, हे उन्हाळ्यात शिकवताच येत नाही.

पैशाबद्दल एकच सांगतो. दुरुस्ती फुकट करू नकोस. थोडं का होईना, घे, आणि जमाखर्च खडूने दाराजवळच्या फळ्यावर लिही. माझ्या त्या टेबलावर आधी फुकट होतं, तेव्हा लोक वस्तू टाकून जायचे. पैसे घेऊ लागलो तेव्हा शेजारी उभं राहून काम बघू लागले, आणि एकदा बेरीज चुकली तर तिघांनी येऊन दाखवली. चुकीने तोटा माझाच होत होता, तरी दाखवली. त्या दिवशी मला वाटलं, आता हे टेबल यांचं झालं.

प्रस्ताव मी अजून दुरुस्त केलेला नाही, करणारही नाही इतक्यात. आधी घरोघर जा, सहीचा कागद न नेता. कोणाकडे काय बंद पडलंय ते लिहून काढ: कंदील, बॅटरी, इन्व्हर्टर, पंप, कधी बंद पडलं आणि शेवटचा हात कोणी लावला. बॅटरीवर तारीख असेल तर तीही. जनित्रवाल्याकडे सगळ्यात आधी जा. ती यादी मला पाठव, मग अभ्यासक्रम आपण तिच्यावरून बांधू. आणि हो, तुझ्या पान सातवरच्या आकृतीत चार पॅनल सिरीजमध्ये दाखवली आहेत. कंट्रोलरची मर्यादा बघून उणे 30 चं गणित स्वतः करून बघ.

तुझा,
काका