पाणी सातबाऱ्यावर येते

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्यात विट्याजवळ आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून ज्वारी मागे पडून ऊस वाढला आणि गलाईसाठी, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी, परराज्यांत गेलेली काही कुटुंबे पुन्हा रानात दिसू लागली. मात्र पाण्याच्या पाळीवरून आमच्या भावकीत बोलणे बंद झाले आहे, आणि शेजारच्या भूमिहीन कुटुंबाचे काय भले झाले तेही दिसत नाही. पाण्याने गाव सुधारते की दुभंगते?

उत्तर : दोन्ही एकाच वेळी घडते, कारण कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेले हे पाणी माळावर पोहोचते ते सातबाऱ्याच्या आधाराने, ज्याच्या नावावर गुंठाभरही रान नाही, त्याच्यापर्यंत ते फक्त मजुरीच्या रूपाने येते. ती मजुरी किती, हे पिकावर ठरते. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, पुढे विरळणी असे काम हाताला मिळत राहते. उसाला लागण आणि भरणी झाली की गावच्या मजुराचे काम जवळजवळ संपते, तोडणीला तर बहुधा बाहेरच्या टोळ्याच येतात. शिवाय ज्वारीबरोबर कडबा गेला, माळ नांगरले गेल्याने चराई गेली, आणि दोन शेळ्यांसाठी बांधावरचे गवत कापणाऱ्या बाईला आता त्याच बांधावर तणनाशकाने पिवळे पडलेले गवत दिसते. बागायतीच्या हिशेबात हा तोटा कोणी धरत नाही.

याला वेगळे वळण देता येते, आणि त्याचे उदाहरण तुमच्याच तालुक्यात आहे. येरळा नदीवर बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण उभारले, त्यासाठी नदीतली वाळू विकून पैसा जमवला आणि पाण्याचा हक्क भूमिहीनांनाही देण्याचे तत्त्व धरले; पाणी सर्वांना पुरावे म्हणून उसाला दूर ठेवण्याचे ठरले. सरकारी योजनेत असे कलम आपोआप येत नाही, हे मान्य करावे लागेल.

भावकीचे म्हणाल, तर भांडण बहुतेक वेळा पाण्याच्या तुटवड्यापेक्षा ते केव्हा येणार याच्या अनिश्चिततेने होते. वरच्या रानवाल्याला पुढची पाळी येईल याची खात्री नसली की तो आजच दुप्पट भिजवतो. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या राज्य कायद्यानुसार पाणी वापर संस्था स्थापून पाळीचे वेळापत्रक चावडीवर लावावे आणि पाणी शेवटच्या रानापासून सुरू करावे. वरचे भाऊ कुरकुरतील. तरी पहिल्या पाळीला त्यांना खालच्या टोकाच्या रानात सोबत उभे करा.