वाचनालयातला संगणक आणि लिनक्स

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या आमच्या छोट्या वाचनालयातल्या संगणकावर विंडोज १० आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली. त्याऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घालायचं ठरलंय, पण सारखी डागडुजी नको. कोणतं घ्यावं?
– एक ग्रंथपाल, पुणे

उत्तर : लिनक्स मिंट २२ घ्या, त्यातही एक्सएफसीई नावाची आवृत्ती, जुन्या यंत्राला ती हलकी पडते. मिंट हे उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेलं आहे, सुरक्षा अपडेट २०२९पर्यंत मिळतील. कॉलेजात जाणारा एखादा भाचा आर्च नावाचं लिनक्स सुचवेल. त्याला चहा पाजा, पण ऐकू नका. तिथे अपडेटआधी सूचना वाचाव्या लागतात, आणि वर्गणीच्या पावत्या फाडता फाडता त्या वाचणार कोण? डेबियन हे आणखी एक लिनक्सही भरवशाचं.

आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून प्रिंटरवर एक पावती छापून बघा. मगच बसवा. बसवल्यावर पहिलं काम टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमची प्रत काढून ठेवणारं मिंटमधलं साधन : त्याला रोजची एक प्रत ठेवायला सांगा. अपडेटनंतर बिघडलं तर कालची तारीख निवडून ‘रिस्टोर’ दाबायचं, झालं. मात्र ही प्रत सिस्टिमची असते, तुमच्या फायली तिच्यात एरवी येत नाहीत. सभासदांची यादी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, आणि तो पेनड्राइव्ह संगणकालाच खोचून घरी जाऊ नका.