रात्री अकराची रिंग रोडची फेरी

"मॅडम, पोरगं रडून राहिलं की आम्ही त्याला गाडीत घेतो अन् फिरवून आणतो. चूक तर नाही ना करून राहिलो?" मी नव्या आईबाबांना सल्ला देते, आणि हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतच असतो. विचारणारे बहुतेक वेळा बाबा असतात आणि आवाजात थोडी लाज असते. अशाच एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

राहायला नागपुरात मानेवाड्याला, बाबाची नोकरी विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात. बाळंतपण अमरावतीला, तिच्या माहेरी झालं. सव्वा महिना झाला तशी ती बाळाला घेऊन सासरी आली, आणि त्याच आठवड्यापासून बाळानं संध्याकाळी सातला सूर लावायला सुरुवात केली. सासूबाईंचं म्हणणं, "तिकडं गुणी होता, इकडचं पाणी मानवत नाही." शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. ओव्याचा शेक झाला, पोटावर हिंग झाला. शेवटी बाबानं कारची किल्ली उचलली. रिंग रोडनं छत्रपती चौक, तिथून वर्धा रोडनं विमानतळापर्यंत आणि परत. बाळ वाटेतच झोपायचं आणि घराखाली गाडी थांबली की डोळे उघडायचं. मग पुन्हा किल्ली.

आधी रडण्याबद्दल. निरोगी बाळाचं रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. आता सव्वा महिन्याचा हिशेब मांडून पाहा. आपल्याकडे कितीतरी मुली बाळाला घेऊन सासरी येतात ते नेमके याच दिवसांत. रडणं त्याच्या वेळेनं वाढतं आणि दोष घराला, सुनेच्या दुधाला नाहीतर तिच्या खाण्याला लागतो. मी सासूबाईंनाही एकदा बोलावून घेतलं आणि हे सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे माहेरी असती तरी हा रडलाच असता?" म्हटलं, हो काकू, तिथंही रडलाच असता. माझ्या मते अर्धं काम त्या एका वाक्यानं झालं.

दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ, तेही बाळ एरवी धडधाकट असताना. अशा रडण्याला डॉक्टर 'कॉलिक' म्हणतात. ही तीन-तीनची व्याख्या अमेरिकेतल्या डॉ. वेसेल यांनी १९५४ साली मांडली.

मग गाडीचं काय? तात्पुरता उपयोग होतो, हे खरं. एकसारखी हालचाल आणि एकसुरी घरघर यांनी बाळ शांत होतं. पण तो परिणाम गाडीपुरताच. कॅनडात पाळण्याला गाडीसारखी थरथर आणि आवाज देणारं यंत्र लावून पाहिलं होतं. १९९३ साली त्याचे निष्कर्ष आले: ज्या आईवडिलांना नुसता धीर आणि सल्ला दिला, त्यांच्या बाळांपेक्षा यंत्रवाली बाळं काही कमी रडली नाहीत. जपानमधल्या २०२२ च्या एका अभ्यासातली युक्ती मला जास्त कामाची वाटते. बाळाला उचलून पाच मिनिटं न थांबता चालायचं, झोपलं की लगेच खाली न ठेवता कुशीत घेऊन पाच-आठ मिनिटं बसायचं आणि मगच अलगद ठेवायचं. घराखाली गाडी थांबताच बाळाला उचलून वर नेताना ही मधली बैठकच राहून जाते.

मला खरी काळजी वाटली ती बाबाची. तो सकाळी सहाला उठायचा, म्हणजे रात्री अकराला तो सतरा तास जागा. इतक्या जागरणानं माणूस जेवढा मंदावतो ते रक्तात शंभर मिलिलिटरमागे पन्नास मिलिग्रॅम दारू असण्यासारखं. आपल्या कायद्याची मर्यादा तीस आहे. एका सिग्नलवर त्याचा डोळा लागला होता, हे त्यानं बायकोसमोर पहिल्यांदा माझ्याकडेच सांगितलं. त्यात ती पुढच्या सीटवर, बाळ मांडीवर. ब्रेक जोरात लागला तर कुठलीच आई बाळाला हातांनी धरून ठेवू शकत नाही. न्यायचंच असेल तर मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवलेल्या बेबी सीटमध्ये, आणि चालवणारा ताजातवाना असेल तेव्हाच. घरी आल्यावर बाळाला त्या सीटमध्ये झोपू देऊ नका. मान पुढे पडून श्वास अडू शकतो. पाठीवर, सपाट जागी झोपवा.

मी तिला विचारलं, गाडीत बसल्यावर तुला काय वाटतं? म्हणाली, "गाडीत कोणी काही बोलत नाही." फेरी बाळापेक्षा तिला हवी होती.

म्हणून ठरलं ते असं. संध्याकाळी बाबा बाळाला घेऊन गच्चीत चालणार. जेवणानंतर तासभर बाळ आजीकडे, आणि तेवढा वेळ आईनं दार लावून झोपायचं. कूलर सुरू असला की नातू लवकर निवतो, हे आजीनं आधीच हेरलं होतं. वारा थेट अंगावर येऊ न देता आणि पाळणा आवाजापासून लांब ठेवून तोच कूलर लावायचा. कुणाचाही संताप वाढला तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर जायचं. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच नाही. आईचं रडू थांबत नसेल, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल भलतेसलते विचार येत असतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीही लागतो.

तीन महिन्यांआतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमधून रक्त, दूध न ओढणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही असेल तर माझ्याकडे नाही, थेट बालरोगतज्ज्ञांकडे.

जाता जाता बाबानं विचारलं, "मॅडम, माझ्या भावाकडे कार नाही. त्यानं ॲक्टिव्हावर फिरवलं तर?" नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलालाही दुचाकीवर हार्नेस आणि हेल्मेट लागतं, आणि या बाळाची तर अजून मानही धरलेली नाही. त्याला म्हणावं, गच्चीत चाल.