दोन जनरेटरने तयार होणाऱ्या ग्रुपच्या प्रत्येक सबग्रुपलाही दोनच जनरेटर पुरतात का?

नाही पुरत. (जनरेटर म्हणजे ज्यांना पुन्हा पुन्हा एकत्र करून ग्रुपचे सगळे घटक निघतात ते; सबग्रुप म्हणजे ग्रुपच्या आतला ग्रुप.) एस-६ घ्या, म्हणजे सहा वस्तूंच्या जागा बदलण्याच्या सगळ्या प्रकारांचा, परम्युटेशन्सचा, ग्रुप. (१ २), म्हणजे १ आणि २ ची अदलाबदल, आणि (१ २ ३ ४ ५ ६), म्हणजे सगळे एकेक जागा पुढे, एवढ्या दोघांतून सगळी ७२० परम्युटेशन्स निघतात. पण त्यातल्याच (१ २), (३ ४), (५ ६) यांच्या ८ घटकांच्या सबग्रुपला तीन लागतातच, कारण तिथल्या कुठल्याही दोघांतून ४ च्या वर काही मिळत नाही.

पण प्रश्नाखाली तुम्ही सहज लिहिलंय, 'कुठलंही ट्रान्सपोझिशन आणि एन-सायकल घेतली की एस-एन तयार होतो, हे माहीत आहे'. (ट्रान्सपोझिशन म्हणजे दोघांची अदलाबदल, एन-सायकल म्हणजे सगळ्या एन जणांचं एका चक्रात सरकणं.) तिथे माझं डोकं सणकलं. एमएस्सीला ठाण्यातल्या एका कॉलेजात आमच्या सरांनी फळ्यावर हेच लिहिलं होतं. मी विचारलं, "सर, एस-४ मध्ये (१ ३) घेतलं तर?" सर म्हणाले, "नंबर बदलून लिही, सिमेट्रीने सगळं सारखंच." वर्ग हसला. अहो, नंबर बदलले की सायकलही बदलते ना!

त्या संध्याकाळी चरईत, आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या मांडवात कॅरम रंगला होता. चार भिडू. १ चा पार्टनर ३, २ चा ४. सगळे एकेक खुर्ची सरकले, ही ४-सायकल. १ आणि ३ ने जागा बदलल्या, हे ट्रान्सपोझिशन. हे दोनच प्रकार रात्रभर करत बसा, पार्टनर समोरच राहणार, शेजारी येणारच नाही. २४ पैकी फक्त ८ बैठकी. शेजारचे १ आणि २ बदलले की जोडी फुटते आणि मग २४ च्या २४ मिळतात. दुसऱ्या दिवशी सरांना चित्र काढून दाखवलं तर उत्तर आलं, "असले अपवाद परीक्षेत येत नाहीत." इंटर्नलला २० पैकी ११.

त्यामुळे कोणी 'सिमेट्रीने' म्हणून पुढे सरकलं की तिथेच अडवा, चार भिडू बसवून बघा.

आता सरांच्या बाजूनेही सांगतो: एन मूळ संख्या असेल तर त्यांचं विधान बरोबर आहे. सायकलचा योग्य घात घेतला की कुठलेही दोघे शेजारी येतात. 'एन मूळ' एवढे दोन शब्द फळ्यावर हवे होते, बस.

आणि हो, सबग्रुपला जास्तीत जास्त किती जनरेटर लागतात, तर एस-एनमध्ये एन/२ (एन विषम असेल तर अर्धा सोडून) पुरतात (मॅकआयव्हर आणि न्यूमन, १९८७). एस-६ मधले ते तीन म्हणजे बरोबर ही मर्यादा. अपवाद फक्त एन = ३ चा, तिथे एस-३ लाच दोन लागतात.