वार्निशहिस्टचा पडदा पहिल्यांदा पाहताना

भाऊ, यवतमाळकडच्या बाजारभावाच्या साइटपुढं वार्निश (पानांच्या प्रती साठवून त्या झटकन देणारा प्रोग्रॅम) बसवलंस, झकास केलंस. आता त्याच सर्व्हरवर वार्निशहिस्ट चालव; कोणत्या विनंतीला किती वेळ लागला, त्याचा आलेख ते दाखवतं. पर्याय-बिर्याय सध्या राहू दे.

आधी खालची रेघ समजून घे. तिथं १० चे घात आहेत: उणे ३ म्हणजे एक मिलिसेकंद, ० म्हणजे अख्खा सेकंद. एक घर उजवीकडे म्हणजे दहापट उशीर. नवे लोक इथंच फसतात, बोटभर अंतर किरकोळ समजतात. उभी रेघ | म्हणजे उत्तर कॅशमधून (साठवलेल्या प्रतींतून) मिळालं, # म्हणजे वार्निशच्या मागं असलेल्या मूळ साइटच्या सर्व्हरला विचारावं लागलं. त्यामुळं दोन ढीग दिसले तर घाबरू नको, तसंच असतं.

आणखी दोन चुका:
- वार्निश नुकतं सुरू केलं असताना निकाल लावणं. कॅश रिकामी, मग # च दिसणार नं! सकाळी भाव पाहायला गर्दी होते, तेव्हा पाह्य.
- ‘गावात साइट हळू’ म्हणून इथं कारण शोधणं. उत्तराचा पहिला बाइट पाठवायला तयार होईपर्यंतचाच वेळ इथं दिसतो. मोबाइल टॉवरची रड यात येत नाही.

भरल्या कॅशवरही # च जास्त असतील तर कुकी (ब्राउझर विनंतीसोबत पाठवतो ती छोटी नोंद) तपास. वेगळं काही सांगितलं नसेल, तर कुकी असलेली विनंती वार्निश कॅशमधून देतच नाही.