बायबलातला ‘मारानाथा’ हा शब्द, म्हणजे नक्की काय? तो संस्कृत ‘नाथ’वरून आलाय का?

नाही. ‘नाथ’शी त्याचा काडीचाही संबंध नाही. कानाला ‘हे नाथा’ असं ऐकू येतं म्हणून लोक ठोकून देतात, आमच्या दादानंही तेच केलं होतं.

2011 ला पप्पांनी नगरजवळ घर बांधलं, सगळी मास्तरकीची कमाई घालून, आणि नाव ठरवलं ‘मारानाथा’. पाटी कोरणाऱ्यानं संगमरवराचा तुकडा पुढ्यात घेतला, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, दगड चौकोनी आहे सर, एका ओळीत मावत नाही, कुठं तोडू? दादा म्हणाला ‘मारा’ वर, ‘नाथा’ खाली, मूळ संस्कृतच आहे ते. पप्पा म्हणाले नाही, ‘माराना’ वर, ‘था’ खाली. तो माणूस म्हणाला, एकटा ‘था’ बरा दिसत नाही ओ, आणि दादानं परस्पर हो म्हणून टाकलं. पाटी बसली. पप्पा एक शब्द बोलले नाहीत, पण दारात चप्पल काढताना रोज तिच्याकडं बघायचे, ते मला अजून डाचतं.

कारण बरोबर पप्पाच होते. शब्द अरामी, येशूच्या बोलीतला. ‘मार’ म्हणजे प्रभू, धनी (केरळातल्या सिरियन बिशपांच्या नावाआधी ‘मार’ लावतात ते हेच), पुढचं ‘आना’ म्हणजे आमचा आणि ‘था’ म्हणजे ये. आमच्या प्रभू, ये! येशूचा प्रेषित पौल यानं इसवी सन 55 च्या आसपास करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, ग्रीकमध्ये पत्र लिहिलं आणि शेवटी 16:22 ला (सोळावा अध्याय, बाविसावं वचन) हा शब्द भाषांतर न करता तसाच ग्रीक अक्षरांत ठेवला, म्हणजे अरामी न येणाऱ्या लोकांच्या तोंडीसुद्धा तो बसलेला असणार, आपण ‘आमेन’ म्हणतो तसा. ‘दिदाखे’ या सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या पुस्तिकेत तर जेवणानंतरच्या उपकारस्तुतीच्या अगदी शेवटी, आमेनच्या आधी, तो येतो.

हां, एक मान्य करायला हवं. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, त्यामुळं ‘मारान अथा’ म्हणजे ‘आमचा प्रभू आला आहे’ असंही वाचता येतं आणि व्याकरणात तेही बसतं. पण बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 22:20 ला, ग्रीकमध्येच ‘ये, प्रभू येशू’ आहे, तीच हाक, म्हणून मी ‘ये’च्या बाजूनं. काही झालं तरी ‘मारा’पाशी तो तुटत नाही, कुठल्याच हिशोबानं नाही.

तुम्ही घराला हे नाव देणार असाल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील, लांब दगड घ्या. पप्पांच्या कबरीसाठी मी तसाच आणला, साडेतीन फुटी, आणि चारही अक्षरं एका ओळीत सलग कोरून घेतली. या वेळी दादाला विचारलं नाही.